गुरुवार आमचा होता

मावशी मला आवडायच्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन मी सुरतेच्या उधन्याला आले त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या डाळीत मीठ कमी असल्याचं सांगितलं, आणि जिभेवर मात्र जास्त आहे, असंही. त्या आमच्या कुणाच्याच मावशी नव्हत्या. तरुणपणी नंदुरबारकडच्या खेड्यांतून बायबलबाई म्हणून फिरल्या होत्या, घरोघरी बायकांना शास्त्र वाचून दाखवत. म्हातारपणी डोळे गेले, मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून आमच्या मंडळीनं त्यांना सुरतेला आणलं आणि गल्लीच्या टोकाला एक खोली घेऊन दिली.

मंडळी म्हणजे कापडाच्या लूमवर राबणारी सात ख्रिस्ती घरं. वारही सातच, त्यामुळे मावशींच्या जेवणाची पाळी लावणं सोपं गेलं. गुरुवार आमचा. संध्याकाळी त्या आपली स्टीलची ताटली घेऊन भिंत चाचपत यायच्या, जेवायच्या, दुसऱ्या दिवशी दुपारची भाकरी फडक्यात बांधून घ्यायच्या आणि उठण्याआधी त्या घराचं नाव घेऊन आशीर्वाद मागायच्या. तो आशीर्वाद इतका लांबायचा की माझी भांडी खोळंबायची.

कधी कधी प्रार्थना सभेत त्या मध्येच उभ्या राहायच्या. प्रभूनं सांगितलं म्हणून सांगते, असं म्हणायच्या आणि मग जे बोलायच्या ते कुणाला ऐकवत नसे. कुणाची दारू निघायची, कुणाचं सासूशी भांडण. लोक खाली बघायचे आणि घरी जाऊन त्यांची नक्कल करायचे. मीही करायची, आणि बरी करायची.

चौऱ्याण्णवच्या त्या पावसाळ्यात एक सभा आमच्या घरी होती. सासरे मंडळीतले वडील, म्हणजे पुढारी, तेच सभा चालवत. गाणं संपलं तशा मावशी उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमची प्रीती वारांवर वाटलेली आहे. एक दिवस असा येईल की तुम्ही सगळे पळाल. कुलूप लावण्याआधी बघा, मागे कोण राहिलं."

सासऱ्यांना ते लागलं. छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "मावशी, सगळे गेले तरी मी तुम्हाला सोडून जाणार नाही."

"मी माझं म्हणत नाहीये," मावशी म्हणाल्या आणि खाली बसल्या. मी चहा गाळायला आत गेले. त्या बोलण्यावर पुढे कुणी चर्चा केली नाही.

मग प्लेगची बातमी आली. गुरुवारी संध्याकाळी मावशी आमच्याकडे नेहमीसारख्या जेवून गेल्या, आणि शुक्रवारी सकाळी गल्लीतली निम्मी दारं बंद दिसली. लोक तोंडाला रुमाल बांधून, पोरं कडेवर घेऊन स्टेशनकडे पळत होते. लूम बंद पडले होते. तो खडखडाट रात्रंदिवस ऐकायची इतकी सवय होती की त्या शांततेत मी चुलीवरची भाकरी तशीच टाकून उठले. माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. सासूबाईंनी कपड्यांचं बोचकं बांधलं, नवऱ्यानं ते डोक्यावर घेतलं, सासऱ्यांनी कुलूप लावलं, आणि आम्ही निघालो. मावशींची आठवण आम्हाला झाली नाही असं नाही. शुक्रवार शेजारच्या घराचा होता. त्यांनी त्यांना बरोबर नेलं असणार, असं आम्ही धरून चाललो.

नंदुरबारच्या गाडीत आम्ही कसेबसे घुसलो. खिडकीतून पाहिलं तर शुक्रवारच्या घरातला माणूस फलाटावर, बायको-पोरांना डब्यात ढकलत होता. सासऱ्यांनी ओरडून विचारलं, मावशी कुठे आहेत. त्याचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

"काल तुमच्याकडे होत्या ना?" तो म्हणाला.

त्यांच्याकडे जेवण संध्याकाळी होतं. तोवर मावशी आमच्या, असं ते धरून चालले होते. सासरे उठले. गाडी हलली होती, दारापर्यंत माणसांची भिंत होती. सासूबाईंनी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला. उतरता आलं असतं का? मला वाटतं, आलं असतं. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि मग खाली बसले.

नंदुरबारजवळच्या आमच्या गावानं आम्हाला घरात घेतलं नाही. वेशीबाहेरच्या एका शेडमध्ये ठेवलं आणि येण्याजाण्याला बंदी केली. सासरे रोज संध्याकाळी सुरतेच्या दिशेला तोंड करून बसत. जेवायला हाक मारली की म्हणत, आज अमक्याचा वार. मला त्यांचा राग यायचा आणि रडूही यायचं.

लूम पुन्हा सुरू झाल्याचं कळलं तसे आम्ही परतलो. मावशींच्या खोलीला कुलूप होतं. शेजारी लूमवरचा एक जळगावकडचा कारीगर राहायचा. ख्रिस्ती नव्हता, आमचा त्याच्याशी फारसा संबंधही नव्हता. बायकोचे दिवस भरत आले होते, म्हणून तो सुरतेतच राहिला होता. त्यानं सांगितलं, मावशी आठवडाभर होत्या. मग ताप आला, आणि एका सकाळी त्यांनी दार उघडलं नाही. म्युनिसिपालिटीची माणसं आली, त्यांना घेऊन गेली आणि खोलीतलं सगळं जाळलं. कुठे नेलं ते त्याला ठाऊक नव्हतं. सासऱ्यांनी पुढे पुष्कळ शोध घेतला, पण मावशींना पुरल्याची किंवा जाळल्याची जागा आम्हाला कधीच सापडली नाही.

त्यांना रोज खायला तोच देत होता. सासऱ्यांनी विचारलं, त्या आमच्याबद्दल काही म्हणाल्या का. खरं तर ते शिव्या ऐकायच्या तयारीनं उभे होते. मीही.

तो मग म्हणाला, "भाकर मी दिधी, बाबा. पन नाव तुमनं लेत. रोज येक घरनं. गुरुवारले तुमना घरनं नाव लिधं आनि हात जोडीसन लई येळ बठन्यात." भाकरी त्याची होती, पण मावशी आशीर्वाद मागत होत्या तो रोज आमच्यातल्या एकेका घराचं नाव घेऊन.

आत जाऊन त्यानं मावशींची ताटली आणली; जेवण वाढायला ती त्याच्याकडेच असायची, म्हणून जाळण्यातून वाचली होती. घासूनपुसून ठेवली होती. सासऱ्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि त्या गल्लीत, चार लोकांदेखत, ते लहान मुलासारखे रडले. रविवारी त्यांनी मंडळीतलं वडीलपण सोडलं.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी मी त्या ताटलीत भाकरी आणि डाळ वाढली. ती घेऊन सासरे त्या कारीगराच्या दारी गेले. त्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती. ताटली देऊन त्यांनी आशीर्वाद मागायला हात जोडले, पण त्यांच्या तोंडून शब्द निघेना. बाळ रडायला लागलं, बाईनं ते पदराखाली घेतलं, आणि सासरे हात तसेच जोडून दारात उभे राहिले. शेवटी मीच जाऊन त्यांना घरी आणलं.