नेर्लेकर सरांनी परत आणलेल्या नळ्या

डॉ. यशवंत नेर्लेकर यांची माझी पहिली भेट लोणावळ्यातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत, मुलाखतीला झाली. भर आषाढ, भिंतींना ओल. पॉलियुरेथेन घडवताना पाणी म्हणजे वैरी. जरा दमट हवा लागली की बुडबुडे धरतात. माझी जीभ मुळातच तिखट. मी विचारलं, "सर, या कामाला तुम्हांला अख्ख्या जिल्ह्यात लोणावळाच सापडलं?" सर गंभीरपणे म्हणाले, "बाई, जागा मिळाली, हवा मिळाली नाही. उद्यापासून या."

ज्याच्या फोमच्या गाद्या होतात, तेच पॉलियुरेथेन माणसाच्या शरीराला मानवेल असं करायचं, हा सरांचा ध्यास. परकी वस्तू लागली की रक्त गोठतं. म्हणून नळीच्या आतल्या बाजूला रक्त गोठू न देणारं हेपारिन रासायनिक बंधाने जोडायचं. लिहायला एक वाक्य, पण आमची उमेदीची वर्षं त्यात गेली. कितीदा हेपारिन बसलं आणि धुताना निघून गेलं! सर चिडत नसत. "पुन्हा मांडा," एवढंच म्हणत.

मला दिवस गेले तेव्हा विषारी वाफांचं सगळं काम सरांनी स्वतःकडे घेतलं. प्रयोगशाळेचे प्रमुख असून ते शिकाऊ उमेदवारासारखे वाफा ओढून घेणाऱ्या धुराड्याशी उभे राहत. मी भांडले, तर म्हणाले, "तुम्ही आता दोघांचा श्वास घेता. गप्प बसा." माझी मुलगी आज शाळेत जाते, ती त्यांना आजोबा म्हणते.

पण सर खरे कळले ते हौसाबाईंच्या वेळी. लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या या बाईंची मूत्रपिंडं निकामी झाली होती. रक्त यंत्रातून शुद्ध करण्यासाठी हातात बसवलेली नळी पुन्हापुन्हा गुठळ्यांनी बंद पडे. पुण्याच्या सर्जननी आमच्या नळ्या मागितल्या. पावसाळा सरला नव्हता. लोणावळ्यात घरोघरी कपडे वाळवायला कोळशाची शेगडी पेटवतात. सरांनी तशीच पेटवून खोली कोरडी करवली, शेगडी बाहेर काढली आणि मग काचेच्या कांड्यांवर थर चढवून नळ्या केल्या. नळ्या सुरेख झाल्या, पुण्याला गेल्या.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी सरांनी उरलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आतल्या बाजूला राखेचे बारीक कण होते. त्यावर बकऱ्याचं रक्त सोडलं, तर कणाकणाभोवती ते गोठू लागलं. सर तडक पुण्याला निघाले, मी मागोमाग. सर्जन म्हणाले, "एवढ्याशा राखेने काय होतंय?" सरांनी नळ्या उचलल्या आणि बाहेर बसलेल्या हौसाबाईंच्या नवऱ्याला, धोंडिबांना, स्वतः सांगितलं, "चूक माझी. शेगडी मीच पेटवायला सांगितली. ही नळी मी हौसाबाईंना घालू देणार नाही."

धोंडिबा उसळले. "न्हाई म्हणायला तुमचं काय जातंय, सायेब? आता आमी कुटं जायचं?"

सर नळ्या घेऊन लोणावळ्याला परतले.

हवा कोरडी होऊन निर्दोष नळ्या तयार होण्याआधीच हौसाबाई गेल्या. मला सरांचा भयंकर राग आला होता. ती नळी चार दिवस तरी चालली असती का? मला आजही सांगता येत नाही. सर औंढ्याला दहाव्याला गेले आणि मागे, कोपऱ्यात बसले. त्यांच्याशी कुणी बोललं नाही.

पुढे नवी नळी दुसऱ्या एका रुग्णाला बसवली. ती चालली. कुठूनसं कळून धोंडिबा प्रयोगशाळेत आले. आम्हांला वाटलं, आता भांडणार. त्यांनी फक्त विचारलं, "चालली म्हणं नळी?" सर मान खाली घालून म्हणाले, "चालली."

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरव अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे शुभेच्छा मागितल्या आहेत. सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, असं मीही म्हणतेच. पण माझ्या म्हणण्याला वजन ते काय! त्या दिवशी निघताना धोंडिबांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला होता. तेव्हा ते म्हणाले, "माझी तर गेली. आता तुमी लय जगा, सायेब. अजून लय जणांच्या बायका हायत तितं दवाखान्यात."