रिमवरची शेवटची वीत

भूकंपानंतर लातूरजवळच्या आमच्या मुरुडमध्ये कितीतरी माणसं घर असून अंगणात राहत होती. आम्हीही. आमच्या दगडमातीच्या घराला एक भेग गेली होती, बाकी ते ठणठणीत होतं. पण माझी मावशी तिच्या गावी भिंतीखाली सापडून गेली आणि तेव्हापासून आईने आमच्या घराचा उंबरा ओलांडून आत पाऊल टाकलं नाही. लागेल ते सामान वडील आतून आणून द्यायचे. अंगणात पत्र्याचं शेड ठोकलं होतं. झोप, स्वयंपाक, माझी अकरावी आणि माझी रेसची सायकल, सगळं त्यातच.

सायकल नांदेडच्या एका म्हाताऱ्या शर्यतपटूने दिलेली. तिच्या टायरांचा नखराच न्यारा. ट्यूब टायरच्या पोटात शिवलेली आणि अख्खं टायर सोल्युशनने रिमला चिकटवायचं. ट्यूब इतकी पातळ की रात्रभरात हवा आपोआप उतरायची. आईला हे काही केल्या पटेना. "कुनीतरी मुद्दाम हवा सोडून राहिलंय," म्हणत ती शेजारच्या दाराकडे डोळे वटारायची. मी रोज सकाळी पंप मारायचे आणि मनातल्या मनात शेजाऱ्यांची माफी मागायचे.

एप्रिलात वडिलांनी फर्मान काढलं. तेव्हा जो तो आपलं पोर लातूरला क्लासला धाडत होता. "रविवारी नांदेडला सायकलच्या संघाची निवड हाय ना? झाली तर खेळ. न्हाई झाली तर सायकल देऊन टाकायची अन् गप लातूरला जायचं." अपिलाची सोय नव्हती.

शुक्रवारी सरावाला निघाले आणि वळणावर मागचं टायर रिमवरून निसटलं. माझा गुडघा सोलला, टायर फाटलं. रिमला हात लावला तेव्हा कळलं, पत्र्याखाली तापून तापून सोल्युशन पाकासारखं पातळ झालं होतं. एक नवं टायर शिल्लक होतं. ते थंडाव्यात चिकटवायचं आणि तिथेच ठेवायचं, तर तसा थंडावा फक्त घरात होता.

आई बाजारात गेलेली बघून मी आत शिरले. रिमवर सोल्युशनचा एक हात दिला, वाळू दिला, मग दुसरा. शेवटचा ओला असतानाच चाक उभं धरलं, वरच्या भोकात हवा भरायचा वाल घातला आणि टायर दोन्ही बाजूंनी ओढत खाली आणलं. शेवटची वीत काही बसेना. नवं टायर आधी कोरडंच चढवून काही दिवस ताणू द्यायचं असतं. माझ्याकडे दिवस कुठे होते? हात सोडला तर सगळं उसळून बाहेर येणार, आणि सोल्युशन संपलेलं.

तेवढ्यात आई आली. दारातूनच ओरडली, "भायेर ये! आधी भायेर ये म्हन्ते!"

"हात सोडता येईना माय. एवढीच राहिलीय."

"मरू दे ती सायकल!"

"हे सुटलं तर संपलं माझं."

मी रडत होते, रागाने. ती छताकडे बघत उभी राहिली. मग पदर खोचून आत आली, माझ्यासमोर बसली आणि माझ्या अंगठ्यांशेजारी आपले अंगठे टेकवले. "कुनीकडं दाबू?" आम्ही दोघींनी जोर लावला आणि टायर बसलं. मग मात्र ती मागे न बघता बाहेर पळाली.

नांदेडला माझी निवड थोडक्यात हुकली. टायर जागचं हललं नाही, पाय कमी पडले. पुढे लातूरला क्लास केला, सायकल कुणाला तरी देऊन टाकली. वाईट वाटलंच.

पण निवडीच्या त्या रविवारी पहाटे शेडमध्ये आईचं अंथरूण दिसेना. घराचं दार उघडं होतं. आत ती जमिनीवर, थंडाव्याला ठेवलेल्या सायकलीशेजारी बसली होती आणि अंगठ्याने टायर दाबून बघत होती.

"उतरली बग हवा," ती म्हणाली. "अन् कुनी आलं न्हाई गं. म्या रातभर हितंच व्हते."