फोटोची चौकट

लोकसेवेच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात एक चौकट आहे: ‘समाजसेवा करतानाचा फोटो जोडा.’ दोन दिवस मी त्या चौकटीकडे बघून नुसती चिडचिड करतेय. दर गुरुवारी कॉलेज बुडवून मी शेजारच्या सुमनमावशींना डायलिसिसला नेते. तिथं फोटो कोण कशाला काढेल? वर्गातल्या एकीनं कोऱ्या करकरीत झाडूसोबतचा फोटो केव्हाच जोडला. कुणी पाहिली नाही, तर ती सेवाच नाही, असं या अर्जाला वाटत असावं.

आज परतताना रिक्षात शेवटी मीही मोबाइल वर धरला. मावशींनी थकल्या हातानं पदर सारखा केला, हसल्या आणि म्हणाल्या, “कुणाला दाखवायचाय गं?”

फोटो छान आलाय. मुदत आज संपतेय, आणि माझ्याच्यानं तो जोडवत नाही.