रिकाम्या हाताचं इंग्रजी

माणसं तोंडानं बोलतात असा एक गैरसमज जगभर पसरलेला आहे. माणूस खरं तर हातानं बोलतो, तोंडातून फक्त आवाज येतो, हे आजवर एकाच व्यक्तीला कळलंय आणि ती केळापूरजवळच्या एका खेड्यात राहते. यवतमाळला बी.एड. करताना ती आणि मी दोन वर्षं एका बाकावर बसलो. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, दोन लेकरांची आई, घरी कापूस-तुरीची शेती, आणि रोज एसटीनं येणं-जाणं. मी यवतमाळातच राहणारी, वडील कचेरीत, शिक्षण पहिलीपासून इंग्रजी माध्यमात. सगळा वर्ग तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले.

पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला ताईनं पर्समधून एक छोटी कापडी पिशवी काढली. तिच्यात घरचा, सरकी काढलेला कापूस आणि राखेची एक इवलीशी डबी. बोट राखेत टेकवायचं, कापसाची चिमूट घ्यायची आणि वात वळायची. मानसशास्त्राच्या मॅडमनी वीसेक मिनिटं सोसलं आणि मग विचारलं, "ताई, काय चाललंय?" ताई शांतपणे म्हणाली, "ऐकून राह्यली ना, मॅडम." मॅडमनी चिडून, काय ऐकलं ते सांगा म्हटलं, तर हिनं वाती वळता वळताच सगळा तास पहिल्यापासून म्हणून दाखवला. मॅडमना मधे ठसका कुठल्या वाक्याला लागला होता, तेसुद्धा सांगितलं. त्या दिवसापासून कापसाला वर्गात रीतसर परवानगी मिळाली. ताई प्रकरणागणिक वातींची जुडी बांधायची. परीक्षा जवळ आली की जुड्या समोर मांडून 'स्मृती-विस्मृती झालं, प्रेरणा राह्यलं' असा हिशोब चालायचा, आणि दिवाळीला त्या जुड्या आम्हां सगळ्यांना वाटल्या जायच्या. माझ्या आईच्या देवापुढे एक अख्खा कार्तिक महिना 'अध्ययनाचे नियम' जळत होते.

पुढे अभ्यासक्रमात अध्ययन शैलीचं प्रकरण आलं आणि ताईला जणू स्वतःची पत्रिकाच सापडली. कोणी कानानं शिकतं, कोणी डोळ्यानं, कोणी हातानं, एवढं पुस्तकात होतं. ताईनं ते पुस्तकात राहू दिलं नाही. कृतिसंशोधनाच्या प्रकल्पासाठी तिनं हाच विषय घेतला आणि भेटेल त्याला तपासायला सुरुवात केली. प्राचार्य कानाचे, कारण ते फाईल वाचत नाहीत, कोणी सांगितलं की सही करतात. नवरा डोळ्याचा, कारण तो भाजी नुसती पाहूनच खारट आहे म्हणतो. घरच्या दोन बैलांपैकी एक कानाचा, हाक दिली की चालतो. दुसरा डोळ्याचा, पहिला चालला की चालतो. "आणि मी?" मी मोठ्या हौसेनं विचारलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तू जिभेची. बोलता आलं का तुले वाटते, समजलं." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंच नाही, कारण त्या दोन दिवसांत तिची 'बुद्धिमत्ता' ही जुडी चालू होती.

मला राग आला, कारण ते खरं होतं. लेखी परीक्षेत ताई पहिली यायची आणि मी मधेच कुठेतरी. लिहिताना हातात पेन असतं, तेव्हा तिला मराठी काय अन् इंग्रजी काय, काही अडायचं नाही. पण रिकाम्या हातानं उभं राहून इंग्रजी बोलायचं म्हटलं की संपलं. आमच्या दोघींची अध्यापन पद्धती, म्हणजे शाळेत शिकवायचा विषय, इंग्रजी होती. पहिल्या सराव पाठाला ती फळ्यापुढे तशीच उभी राहिली. शेवटी निरीक्षक मॅडमनीच, बसा ताई, म्हटलं. मी मात्र पाऊण तास फाडफाड बोलले. मुलांना काडीचं कळलं नाही, पण वहीत शेरा पडला: 'उत्कृष्ट.' त्या दुपारी डबा खाताना मी तिला म्हटलं, "ताई, मराठी पद्धती घे ना. कशाला जिवाला त्रास?"

तिनं पोळीचा तुकडा खाली ठेवला. "अवं, दहावीत मी शाळेतून पहिली आलती. मंग अकरावीले सायन्स घेतलं, सारं इंग्रजीत. एक दिवस सर म्हणे, एनी डाऊट? मले होता डाऊट. उभी राह्यली. सारा वर्ग मह्याकडे पाहून राह्यला. मी खाली बसली. ते साल गेलं, सायन्सही गेलं, अन् तो डाऊट अजून तसाच हाये." मग तुकडा पुन्हा उचलून म्हणाली, "मले काही नाही पायजे. मह्या वर्गातलं लेकरू इंग्रजीच्या तासाले उभं राह्यलं, तं त्यानं इचारूनच खाली बसावं." मी माझ्या डब्यातलं लोणचं तिच्या पोळीवर ठेवलं.

वार्षिक पाठ जानेवारीत होता. सातवीचा वर्ग, विषय 'प्रश्न विचारणे', मागच्या बाकावर बाहेरून आलेले कडक परीक्षक. ताई आली ती ओल्या तुरीच्या शेंगांचं गाठोडं घेऊन. प्रत्येक बाकावर वर्तमानपत्र पसरलं, पसापसाभर शेंगा टाकल्या, स्वतःच्या ओच्यात घेतल्या आणि सोलायला लागली. दुसऱ्या शेंगेला तिच्या तोंडून इंग्रजी सुटलं. साधं, तुटकं, पण थांबेना. यात दाणे किती? हा एक बारीक का? सोलता सोलता मुलंही उत्तरं देऊ लागली. आणि मग खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. त्याच वर्गावरच्या माझ्या महिनाभराच्या पाठांत तिनं हजेरीपलीकडे अक्षर काढलं नव्हतं. तिच्या शेंगेत अळी निघाली होती. "टीचर, व्हाय ही इज ग्रीन?" वर्ग हसला नाही, कारण सगळे आपापल्या शेंगेत अळी शोधत होते. ताई म्हणाली, "बिकॉज ही इट्स ग्रीन!" ती मुलगी समाधानानं खाली बसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. परीक्षकांकडे पाहिलं, तर ते दाणे खात होते. ताईला त्या पाठात सगळ्यांत जास्त गुण मिळाले.

आता इथून पुढचं सांगायला मला आवडत नाही. जूनमध्ये यवतमाळच्या एका इंग्रजी शाळेत एक जागा निघाली आणि आम्ही दोघी मुलाखतीला गेलो. बाहेर बाकावर ताई भराभर वाती वळत होती. शिपायानं तिचं नाव पुकारलं, ती पिशवी घेऊन उठली, आणि मी ती तिच्या हातातून काढून घेतली. "ताई, आत कापूस घेऊन नको जाऊ. बरं दिसत नाही." तिच्या भल्यासाठीच म्हटलं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं. चार मिनिटांत ती परत आली. मग मी गेले. त्यांनी विचारलं, न बोलणाऱ्या मुलाला तुम्ही कसं बोलतं कराल? मी झकास इंग्रजीत तुरीच्या शेंगांचा पाठ सांगितला. अळीसकट. पाठ कोणाचा, ते सांगितलं नाही. नोकरी मला लागली.

स्टँडवर मी तिला एवढंच सांगितलं की मुलांना बोलतं कसं करायचं ते विचारलं, म्हणून मी शेंगांचा पाठ सांगितला. ती हसली. "बरं झालं. कोणी तं सांगतलं त्याइले." आणि तिच्या गावाकडे जाणारी पांढरकवड्याची गाडी लागली. पिशवी माझ्याच पर्समध्ये राहिली.

सहा वर्षं झाली. ताई आता गावातच, स्वतःच्या अंगणात मुलांना इंग्रजी शिकवते. त्यातली दोघं-तिघं यवतमाळला नातेवाइकांकडे राहून आमच्या शाळेत येतात. उत्तर देताना त्यांची बोटं बेंचखाली काहीतरी वळत असतात. बाकीचे शिक्षक 'हात वर ठेवा' म्हणून ओरडतात, मी ओरडत नाही. दरवर्षी ताईकडे जायचं ठरवायचे आणि राहून जायचं. फोनवर मात्र तासतास बोलायचे: हवापाणी, लेकरं, सोयाबीनचा भाव.

गेल्या जानेवारीत शेवटी गेले. अंगणात वीसेक मुलं शेंगा सोलत एकमेकांना इंग्रजीत प्रश्न विचारत होती, अगदी बिनधास्त. ताईनं माझ्यापुढेही शेंगांचं सूप सरकवलं. मी सोलायला लागले, आणि पाच-सहा शेंगांत माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं: पिशवी का घेतली, आत काय बोलले, काय बोलले नाही. ताईनं मान वर केली नाही. "माहीत हाये मले. सहा वर्षं फोनवर बोलून राह्यली तू, पण हे सोडून. हात रिकामे होते ना तुये."

मग मी पर्समधून ती पिशवी काढून तिच्यापुढे ठेवली. तिनं पिशवीचं तोंड सोडलं, आत बोटं घातली. त्या दिवशी शिपायानं हाक मारली तेव्हा अर्धीच वळून राहिलेली वात तिला सापडली. तिनं ती उजेडात धरून पाहिली आणि राखेची डबी उघडली.

"कापूस पिवळा पडला वं," ती म्हणाली, आणि वात पुरी करायला लागली.