सलग पंधरा वर्षं

तुम्ही तीन वर्षांचे होतात तेव्हा कुठे राहत होतात, हे सरकारला पटेल असं सिद्ध करून दाखवाल का? घाईने हो म्हणू नका. आईची आठवण चालणार नाही. अल्बममधला रडका फोटो चालणार नाही. शेजारच्या काकूंनी शपथ घेतली तरी भागणार नाही. कागद लागतो, कागदावर तारीख लागते आणि तारखेखाली कुणाची तरी सही लागते. माझ्या ओळखीत एकच माणूस असा आहे की जो या प्रश्नाने घाबरत नाही, उलट गरम जिलेबी पुढे आल्यासारखे हात चोळतो. जळगावातल्या एका जुन्या छापखान्याला लागून असलेल्या चिंचोळ्या दुकानात रजिस्टरं बांधणारे आमचे बाइंडिंगवाले चाचा. सातपुडा कुणी रचला मला माहीत नाही, पण त्याच्या पायथ्याच्या पोरापोरींना कॉलेजच्या दारातून आत ढकलण्याचं काम या एका सत्तरीच्या माणसाने केलं आहे, असं मी कुठल्याही सभेत उभी राहून सांगेन.

चाचांचं शिक्षण सातवीपर्यंत. पण चाळीस वर्षं त्यांच्याकडे शाळांची, पंचायतींची, कचेऱ्यांची कागदपत्रं बांधायला येत होती. पुठ्ठ्याला खळ लावली की ती वाळेपर्यंत थांबावं लागतं. "वाळेपर्यंत माणसानं करायचं काय? बिडी मी पीत नाही, मग वाचायचं," असं चाचा म्हणतात. तर लोक नाटक-सिनेमे बघत होते त्या वयात चाचा शासन निर्णय वाचत बसले. परिशिष्टांसकट. कुठल्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाची अट आहे, कुठली फीमाफी राज्यातल्या रहिवाशालाच मिळते, वसतिगृहाचा भत्ता घरापासून लांब शिकणाऱ्यालाच का मिळतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. लोक जुनी गाणी आठवून डोळे मिटतात, तसे चाचा डोळे मिटून म्हणतात, "पहिले हा नियम किती सुंदर होता, बेटा. मग त्याच्यात ‘परंतु’ घुसला."

कुणी भेटलं की "कसे आहात" असं ते विचारत नाहीत. "घरात बारावीला कोण आहे?" हा पहिला प्रश्न आणि "डोमिसाईल काढलं?" हा दुसरा. डोमिसाईल म्हणजे तुम्ही या राज्याचे रहिवासी असल्याचा दाखला. तो नसेल तर राज्याच्या बहुतेक सवलतींचं दार बंद. असोद्याला एका मास्तरांच्या मुलाच्या लग्नाला गेलो होतो. मुहूर्ताआधीच बसलेल्या पंगतीत भरीत वाढत वाढत नवरदेवाची चुलतबहीण चाचांसमोर आली, तर यांनी पुरीसाठी पुढे केलेला हात तसाच ठेवून तिची टक्केवारी विचारली. पोरगी लाजली. तिला वाटलं, स्थळ बघायला आलेत. तिच्या बापालाही तेच वाटलं आणि तो धावत आला. अर्ध्या तासाने बाप मांडवाच्या खांबाला टेकून उत्पन्नाच्या दाखल्याला काय काय लागतं ते लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेत होता आणि तिकडे अक्षता पडून गेल्या होत्या.

पारोळ्याचा किस्सा तर धुळ्याच्या स्टँडवर अजून सांगतात. दर सोमवारी चाचा पुठ्ठे आणायला धुळ्याला जायचे. एकदा बसमध्ये शेजारी शिंदखेड्याची एक बाई बसली होती. तिच्या मुलाचा पॉलिटेक्निकला नंबर लागला होता आणि फीमाफीचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एरंडोल ते पारोळा चाचांनी तिची कागदपत्रं तपासली. पारोळ्याला बस थांबली तसे ते "दोन मिनिटांत झेरॉक्स काढून आणतो" म्हणत मूळ कागद घेऊन उतरले आणि बस निघून गेली. बाईने जो आक्रोश केला! सगळी बस तिच्या बाजूने. कंडक्टरने "असेच असतात हे लोक" असं म्हणून टाकलं, ते कुठले लोक हे त्याने सांगितलं नाही. धुळ्याच्या स्टँडवर पंधरा-वीस माणसं बाह्या सरसावून उभी होती. मागच्या बसमधून चाचा उतरले, हातात झेरॉक्सचे तीन संच, आणि त्या घोळक्यातून वाट काढत थेट बाईवरच ओरडले, "मूळ कागद असे कुणाच्याही हातात देतात काय? मी चोर असतो तर?" कंडक्टरसकट सगळ्यांच्या बाह्या खाली आल्या. त्याच कंडक्टरने पुढच्या सोमवारी आपल्या भाचीचा फॉर्म आणला. चाचांनी तो भरून दिला, आणि वर त्याला सुट्टे पैसे वेळेवर देत जा म्हणून दम दिला.

एक मात्र आहे. खोट्या कागदाला त्यांचा हात लागत नाही. बऱ्हाणपूरकडचा एक व्यापारी पोराला इथली फीमाफी हवी म्हणून जळगावचा खोटा पत्ता घेऊन आला होता. चाचांनी त्याला उभ्या उभ्या बाहेर काढलं. तो पायरी उतरतो न उतरतो तोच परत हाक मारली, "ओ सेठ, तुमच्या मध्य प्रदेशातही योजना आहेत. तिकडचे आहात ना, मग तिकडचा हक्क घ्या. इकडचा कशाला चोरता?" आणि त्याला बसवून त्याच्या राज्याची सगळी यादी सांगितली.

मला ते लीडर म्हणतात. आमचं घर चळवळीतलं, घरात पत्रकांचं पीक. फडताळात, गादीखाली, धान्याच्या डब्यावर, सगळीकडे उरलेली पत्रकं. वडिलांनी मला अक्षरओळख करून दिली तीही ‘धिक्कार’ या शब्दावरून. शेजारच्या छापखान्यात माझं नवं पत्रक निघालं की चाचा एक प्रत ओढून घेतात, चष्मा वर करून वाचतात आणि परत देतात. "लीडर, ‘झालंच पाहिजे’ बारा वेळा आहे. कुठल्या खिडकीवर जायचं, ते एकदा तरी लिही." मी चिडायचे. म्हणायचे, "चाचा, हक्क मागायचा असतो, त्याचा अर्ज करायचा नसतो." ते म्हणायचे, "बरोबर. तू माग. तोवर मी अर्ज करतो."

आणि मग त्या पत्रकावरचाच माझा नंबर बघून रंजिलाचा फोन आला. सातपुड्याच्या उतारावरचं गाव, त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. बारावी पास, धुळ्याच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागलेला. अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "ताई, तुमच्या कागदावर लिहिलंय शिक्षण आमच्या हक्काचं. तो हक्क कुठं मिळतो?" मी तिला चाचांकडे घेऊन गेले.

तिची अडचण अशी. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. तिच्या आईचं माहेर डोंगरापलीकडे, मध्य प्रदेशात. त्यामुळे रंजिलाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ मध्य प्रदेश. पाठची दोन भावंडं घरीच जन्मली, ती महाराष्ट्राची. थोरली मात्र कागदावर परराज्यातली! बापाच्या कागदावर भागलं असतं, पण बाप शाळेत गेलेला नाही, आणि कसतो त्या वनजमिनीचा दावा कित्येक वर्षं विचाराधीन. तालुक्याच्या कचेरीतल्या क्लार्कने सांगितलं, राज्यात सलग पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा आणा. शुक्रवारी पाचपर्यंत डोमिसाईल मिळालं नाही तर फीमाफी नाही, आणि फीमाफी नाही तर नर्सिंग नाही. बापाने तिला सांगूनही ठेवलं होतं, की मग सुरतेला मावशीकडे साड्यांना खडे लावायला जायचं.

चाचांनी बोटं मोजली. "पहिली ते बारावी, बारा साल. राहिले तीन." मग माझ्याकडे बघून असे हसले की मला वाटलं दाखला खिशातच आहे. "तीन ते सहा वर्षांचं पोर गावात कुठं असतं, लीडर? अंगणवाडीत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या गाडीवर मागे बसले, मांडीवर पिशवी, पिशवीत सुई, दोरा आणि खळीचा डबा. सत्तर किलोमीटर त्यांनी माझ्या कानात फक्त एकच गोष्ट सांगितली, की मी गाडी भाषणासारखी चालवते. गावात निवृत्त सेविका होत्या, सगळे त्यांना अक्का म्हणत. रजिस्टरं आहेत का विचारलं तर अक्का अहिराणीत रागावल्याच. "बठ्ठा मन्हा घरमाच शेतस, भाऊ. अंगणवाडीनं छप्पर गळे, मंग कोठे ठेवसू?" खरंच सगळी त्यांच्या घरातच होती, लोखंडी पेटीतून जुन्या लुगड्यात बांधलेली रजिस्टरं निघाली. एकाची पाठ वाळवीने खाल्लेली, पानं सुटलेली. चाचांनी ते हातात घेऊन नाक मुरडलं, "हे माझ्या हातचं नाही. माझ्या हातचं सुटत नाही." आणि तिथेच ओट्यावर मांडी ठोकून ते शिवायला बसले. एक पान इकडचं तिकडे होऊ दिलं नाही.

मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. दर महिन्याला पोरांचं वजन करतात, ते लिहिलेलं. "रंजिला. दहा किलो चारशे. दहा किलो सहाशे. दहा किलो दोनशे, शेरा ताप." रंजिला तोंडावर ओढणी घेऊन हसत होती. तिची आई दारात उभी होती, ती ‘ताप’ ऐकून खाली बसली. तिला ते दिवस आठवले असणार. मी त्या म्हाताऱ्याकडे बघत होते. एका पोरीचं अख्खं लहानपण पेटीतून बाहेर येत होतं, किलो आणि ग्रॅममध्ये, आणि जगात ते वाचायला कुणीतरी आलं होतं.

आणि मग दोन रकाने रिकामे. शेरा, ‘आजोळी, मध्य प्रदेश’.

सलग या शब्दाला तिथे भोक पडलं. मी हळूच म्हणाले, "चाचा, या पानाची झेरॉक्स नको काढूया. वरची-खालची पानं पुरेत." चाचांनी चष्मा काढला. माझ्यावर ते कधी ओरडले नव्हते. "पान फाडायला मी जन्मभर शिवत बसलो काय? पोरगी नानीकडे गेली, परत आली. गावाला गेलेला माणूस गाव सोडतो काय? हे पान सगळ्यात वर ठेव." ‘धिक्कार’ वाचायला शिकलेली मी, मान खाली घालून ते पान वर ठेवलं.

शुक्रवारी दुपारी आम्ही अक्कांनाही घेऊन कचेरीत गेलो आणि क्लार्कचं बोट नेमकं तिथेच गेलं. "हे बघा, इथं खंड आहे. सलग कुठंय?"

चाचा नम्रपणे म्हणाले, "साहेब, तुमचा मुलगा कुठला?"

"इथलाच. का?"

"जन्म?"

"सुरतला. मिसेसचं माहेर तिकडचं. पण त्याचा काय संबंध?"

"काही नाही. गुजरातचं पोरगं तुम्ही इतक्या लाडानं सांभाळता, म्हणून कौतुक वाटलं."

रांगेतली माणसं हसली. क्लार्क लाल झाला आणि प्रकरण त्याने आत नायब तहसीलदार बाईंकडे ढकललं. माझ्या मनात घोषणा तयार होत्या. घड्याळात साडेचार. बाईंनी मूळ रजिस्टर मागितलं. अक्का पदराखालून ते काढून द्यायला तयार नव्हत्या, टेबलावर स्वतःच धरून उभ्या राहिल्या. बाई पानं उलटत राहिल्या. रंजिला माझं मनगट घट्ट धरून होती.

"खोटं रजिस्टर लिहिणारा माणूस दर महिन्याला वजन वाढवत नेतो," बाई शेवटी म्हणाल्या. "यात ते कमी झालंय. आणि मूल नव्हतं तेव्हा नव्हतं असं लिहिलंय. जी सेविका दोन महिन्यांची गैरहजेरी लपवत नाही, तिची बाकीची हजेरी मी खरी मानते." मी झाकायला निघाले होते त्याच पानावर त्यांनी बोट ठेवलं होतं. पाच वाजायच्या आत सही झाली. रंजिला रडली, अक्का रडल्या, मी तर रडलेच. चाचा मात्र मघाच्या क्लार्कला विचारत होते, "तुमच्या मुलाचं डोमिसाईल काढलं का? आत्ताच काढा. पुढे त्रास होतो."

रंजिला आता धुळ्याला दुसऱ्या वर्षाला आहे. चाचांच्या हातून हल्ली सुईत दोरा जात नाही. दुकान उघडतात, पण रजिस्टरं येत नाहीत. अंगणवाडीतली वजनंही आता फोनमध्ये भरतात. परवा ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "फोन बदलला की त्यातलं पोर कुठं जातं गं?" पण चाचांकडून काम शिकल्यावर नुसतं हळहळून चालत नाही, म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गल्लीत, गावात, शेतावर यंदा अकरावी-बारावीला असलेली एक तरी मुलगी असेल. आज संध्याकाळी तिच्या शाळेच्या दाखल्यावरचं जन्मस्थळ वाचा. ते सीमेपलीकडचं असेल तर निकालाची वाट बघू नका, याच महिन्यात तिच्या डोमिसाईलचा अर्ज करा. आणि कचेरीत तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा. तिथे सहज ‘उद्या या’ म्हणतात, आणि उद्या यायला रंजिलासारखीला परत अख्खा डोंगर उतरावा लागतो.