देरामानची मूठ
आमच्या मलेशियातल्या केलांतानच्या खाडीकाठी चटईसाठी केवड्याची पानं मऊ करावीत ती जाराहनंच. ती उकळून, भिजवून पान बांबूच्या कांबीनं असं ओढून काढायची, की त्याची रुमालासारखी घडी व्हायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, देरामानला, अर्धांगवायू झाला आणि उजव्या हाताची मूठ जी मिटली ती उघडेचना. डॉक्टरांनीही हात टेकले.

जाराह मात्र हट्टाला पेटली. रोज सकाळी ती मूठ कोमट पाण्यात धरायची, खोबरेल चोळायची. एक दिवस तिनं सरळ कांबच घेतली आणि पानावर ओढते तशी मनगटावरून ओढली. कातडी सोलवटली. शेजारून मी धावत गेले.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?"

"एवढी निबर पानं ऐकतात माझं! यांनाच काय धाड भरलीय?"

देरामान वाकड्या तोंडानं हसला. "पान मेलेलं असतं गं. मी जिवंत आहे अजून."

परवा तो गेला. आमच्यात अंग गार पडायच्या आत मयताचे सांधे हलवून मऊ करतात. जाराहनं त्याचं कोपर दुमडलं, सरळ केलं, मग मूठ हातात घेतली. बोटं अलगद उघडली.

ती त्या तळहाताकडे बघतच राहिली. "आत्ता ऐकताय होय माझं?"

मग ती एकेक बोट पुन्हा आत दाबायला लागली. "मिटा. मिटा म्हणते ना!"