खालच्या काकांचं गाऱ्हाणं

जगात इतके देव असताना नेमका कारखान्यात तयार झालेला देव निवडावा आणि त्याच्याशी आयुष्यभर इमान राखावं, असा माणूस मी एकच पाहिला: आमचे खालचे काका. बर्मिंगहॅममध्ये त्यांच्या बारच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचे, म्हणून ते ‘खालचे’. बार टिकी पद्धतीचा होता. म्हणजे पॅसिफिक महासागर कधी न पाहिलेल्या लोकांनी मनानं रंगवलेलं त्या महासागराचं चित्र: बांबूच्या भिंती, प्लास्टिकच्या झावळ्या, अननसात खोचलेल्या कागदी छत्र्या, देवांच्या चेहऱ्यांचे पेले आणि दाराशी माणसाहून उंच, दात विचकलेला एक देव. तरुणपणी काकांनी हे सगळं एका इंग्रज म्हाताऱ्याकडून देवासकट चालवायला घेतलं. का घेतलं, असं विचारलं की म्हणायचे, “झावळां बघलंय आणि थयच बसलंय.” काका मूळचे मालवणचे.

त्या प्लास्टिकच्या झावळ्यांवर ते रोज सकाळी पाणी शिंपडायचे. डिसेंबरच्या गारठ्यात कोटाची बटणं उघडी ठेवून दारात उभे राहायचे, कारण आतला फुलाफुलांचा शर्ट रस्त्याला दिसला पाहिजे. मेन्यूवर ‘आयलंड करी’ होती. ती चक्क तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण होती. कुठल्या आयलंडची, असं मी एकदा चिडून विचारलं. “आमच्या मालवणात समुद्रात किल्लो आसा, तो काय डोंगरार आसा?” असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे आणखी भात वाढला.

पण त्यांचा खरा नेम संध्याकाळचा. दार उघडण्याआधी देवापुढे रमचा पेला ठेवून काका गाऱ्हाणं घालायचे, कोकणात ग्रामदेवतेपुढे घालतात तसं, खड्या आवाजात. “बा देवा म्हाराजा! जो कोण तहानेन ह्या दारात येयत, तेका निवव रे म्हाराजा!” मागे उभे असलेले पोलंडचा कुक आणि निवृत्त बस ड्रायव्हर डेरेक एका सुरात म्हणायचे, “होय म्हाराजा!” शेवटच्या वर्षी त्यात एक मागणं वाढलं. जागेची लीज संपत आली होती आणि इमारतीच्या मालक कंपनीला तिथं फ्लॅट करायचे होते. “त्या कंपनीक बुद्धी दी रे म्हाराजा!” म्हणताना काकांचा आवाज खाली यायचा, आणि डेरेकचा होकार मात्र भिंती हलवायचा.

मी जिन्यावर हाताची घडी घालून उभी राहायचे. आमच्या सोलापूरच्या नास्तिक, चळवळ्या घरी पाहुण्याला चहाआधी पत्रक मिळायचं. तिथं वाढलेल्या मुलीनं लाकडाच्या ओंडक्याला होय म्हणायचं? आणि तोही कुणाकडून लुटलेला? राहायला आले त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं होतं: ज्यांची बेटं साम्राज्यांनी गिळली, त्यांच्या देवांचे पेले करून दारू पिणं ही करमणूक नव्हे, अपमान आहे. काकांनी ते लॅमिनेट करून मेन्यूशेजारी लावलं. गिऱ्हाईक आलं की दाखवायचे, “वरच्या पोरीनं लिहिलंय. बरोबर लिहिलंय. वाचा, आणि मग काय घेणार ते सांगा.” मला म्हणाले, “तुझा पत्रक म्हणजे पण गाऱ्हाणाच गो. फक्त होय म्हणूक मागे कोण ठेवूक नाय तू.”

मग एका शनिवारी हॉस्पिटलातल्या मैत्रिणींबरोबर एक नर्स आली. ती टोंगाची, म्हणजे खरोखरच त्या समुद्रातल्या बेटावरची. हे कळल्यावर काका हात पुसून तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. “तुमच्या देवाचं माझ्याकडून काही चुकत असेल तर सांगा.” ती देवाभोवती फिरली, बोटानं टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला. ओंडकासुद्धा नव्हता तो. “हा आमचा नाही. कुणाचाच नाही, कारखान्यातला आहे,” ती म्हणाली. मग टेबलावरच्या पेल्यांकडे बघून शांतपणे म्हणाली, “पण यांच्याकडे बघून मला हसू येत नाही.”

दुसऱ्या दिवशी सगळे पेले खोक्यात गेले आणि साधे काचेचे ग्लास आले. जे माझ्या चार परिच्छेदांना जमलं नव्हतं, ते तिच्या एका वाक्यानं झालं. देव मात्र दाराशीच. मी विचारलं तेव्हा काका त्याचे दात पुसत होते. “कोणाचोच नाय म्हणाली ना ती? मग तेका टाकू खंय?”

लीज वाढवावी म्हणून मी पत्रक लिहून सगळ्या वस्तीत वाटलं. लोकांनी सह्या दिल्या, सभा झाली. मालकांनी ऐकलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी काकांनी पेला ठेवला, घसा खाकरला आणि तसेच उभे राहिले. डेरेक टोपी हातात घेऊन वाट बघत होता. काका जिन्याकडे वळले. “आज तू घाल गो. तुका सवय आसा.”

मी खाली उतरले. देवाकडे पाठ करून दार उघडलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. म्हणाले, “या माणसानं इथं इतकी वर्षं लोकांना जेवू घातलं. त्याला उठवणाऱ्यांना याची लाज वाटू दे.” पुढच्या वाक्यासाठी मी श्वास घेतला. आणि माझ्या मागून, डेरेकच्याही आधी, काकांचा आवाज आला.

“होय म्हाराजा.”

आता तिथं फ्लॅट आहेत. काका मेडनहेडला लेकीकडे असतात. देवाला तिनं शेडमध्ये जागा दिली, घरात नाही. मी अजूनही कुठलाच देव मानत नाही. पण नवं पत्रक छापायला देण्याआधी एकदा मोठ्यानं वाचते, आणि प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबते.